अंगदुखीची गोळी, बीपीची गोळी आणि संध्याकाळचा पेला: कोकणातील घरांसाठी मार्गदर्शक

अंगदुखीची गोळी मागताना आपण दुकानदाराला दुखणे सांगतो, पण आधीपासून चालू असलेली औषधे सांगत नाही, आणि संध्याकाळी बसण्याचा बेत असेल तर तो अर्थातच सांगत नाही. लावणी करून कंबर धरली, आंब्याच्या पेट्या उचलून खांदा भरून आला किंवा शिमग्यात पालखी नाचवून गुडघे दुखू लागले, की तिठ्यावरच्या दुकानातून दोन गोळ्या कापून आणणे ही कोकणातल्या अनेक घरांची रीत आहे, आणि दुसरा कोणताही आजार नसलेल्या तरुण माणसाला त्या दोन गोळ्यांनी बहुधा काही होत नाही. ज्याच्या उशाशी रक्तदाबाची, हृदयाची किंवा रक्त पातळ ठेवण्याची गोळी आधीच आहे, त्याच्या बाबतीत मात्र हिशोब बदलतो. मुलगा-सून मुंबईत, आई-वडील गावी, आणि औषधांचा डबा सांभाळण्याचे काम नव्यानेच अंगावर पडलेले, अशा वाचकांना समोर ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. गोळी सुरू करण्याचा किंवा बंद करण्याचा अंतिम निर्णय डॉक्टरांचाच असतो. त्यांना नेमके काय विचारायचे, हे या लेखावरून ठरवता येईल.

पायरी १: गोळीचे खरे नाव वाचावे

पाकिटावर मोठ्या अक्षरांत असते ते कंपनीने दिलेले नाव. आपल्याला हवे असते ते त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले औषधाचे नाव. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड, केटोरोलॅक, पायरॉक्सिकॅम, इटोरिकॉक्सिब आणि ॲस्पिरिन ही सर्व एकाच घराण्यातली, म्हणजे दुखणे आणि सूज दोन्ही कमी करणारी औषधे आहेत. पॅरासिटामॉल या घराण्यातले नाही. ते ताप आणि दुखणे कमी करते, पण सूज उतरवण्यात त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आपल्याकडे या दोन जातींची औषधे एकाच गोळीत घालून विकण्याची पद्धत फार रूढ आहे, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. झेरोडॉल-पी या गोळीत १०० मिलिग्रॅम ॲसिक्लोफेनॅक आणि पुन्हा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. सकाळी कंबरेसाठी पहिली घेतली, दुपारी शेजारणीने दिली म्हणून दुसरी घेतली आणि रात्री कणकण वाटली म्हणून डोलो ६५० घेतली, तर त्या माणसाला आपण तीन निरनिराळी औषधे घेतली असे वाटते. प्रत्यक्षात त्याने सूज उतरवणारी दोन औषधे एकावर एक घेतलेली असतात आणि पॅरासिटामॉल तीनदा. एका वेळी सूज उतरवणारे एकच औषध, हा नियम डब्याच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवण्यासारखा आहे. दोन घेतल्याने दुखणे दुप्पट कमी होत नाही, जठराला आणि मूत्रपिंडाला होणारा त्रास मात्र वाढतो.

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला की आत काय दिसते, हे बहुतेकांना ठाऊक आहे: कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे, कुणावर नावाचा अर्धा भाग, कुणावर नुसती चंदेरी पाठ, आणि मुदतीची तारीख दुकानदाराच्या कात्रीबरोबर गेलेली. ज्या तुकड्यावर औषधाचे नाव आणि तारीख वाचता येत नाही, तो टाकून द्यावा. नवीन गोळ्या सुट्या घ्याव्या लागल्या, तर पट्टीचे छापील टोक आपल्याकडे येईल असे सांगावे किंवा कागदी पाकिटावर दुकानदाराकडूनच नाव लिहून घ्यावे. पट्टीवर लाल रेघ आणि ‘आरएक्स’ ही खूण असेल, तर ती गोळी चिठ्ठीवाचून विकायची नसते. काउंटरवर हा नियम किती पाळला जातो हे सर्वांना माहीत आहे, म्हणूनच घेणाऱ्याने तो लक्षात ठेवलेला बरा.

पायरी २: ती शरीरात कुठे पोहोचते हे समजून घ्यावे

ॲस्पिरिनसारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. या रसायनांमुळे दुखते आणि सूज येते, हे खरे. पण जठराच्या आतल्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणे आणि पाणी कमी पडले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवणे, ही कामेही त्यांचीच असतात. गोळीला गुडघ्यातले प्रोस्टाग्लँडिन आणि जठरातले प्रोस्टाग्लँडिन यांत फरक करता येत नाही.

यावरून एक समज आपोआप मोडतो. ‘गोळीने पित्त होते, त्यापेक्षा सुई बरी’ असे अनेकजण म्हणतात, परंतु डायक्लोफेनॅकचे इंजेक्शनही रक्तातूनच जठरापर्यंत जाते आणि अल्सर करू शकते.

मूत्रपिंडाचा विषय निघाला आहे तर थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन भारतातली गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर देशात बंदी आली. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गिधाडे टिकवण्यासाठी जी खटपट चालते, तिच्यामागेही हीच हकिगत आहे. माणसाचे शरीर हे औषध गिधाडापेक्षा पुष्कळच चांगले पचवते. तरी ज्या अवयवावर घाला पडतो, तो अवयव तोच.

पायरी ३: आधी सौम्य उपाय करून पाहावा

साध्या अंगदुखीला आणि डोकेदुखीला पहिली पसंती पॅरासिटामॉलला द्यावी. प्रौढ माणसाने एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत सर्व गोळ्यांमधले मिळून ४ ग्रॅमपेक्षा जास्त नाही, ही त्याची मर्यादा आहे. काटकुळ्या वृद्धांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी आणि रोज दारू घेणाऱ्यांनी यापेक्षा बरेच कमी घ्यावे. किती कमी, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. एकाच गुडघ्याचे किंवा मनगटाचे दुखणे असेल तर डायक्लोफेनॅकचे मलम लावून पाहणे मला गोळीपेक्षा शहाणपणाचे वाटते, कारण मलमातून रक्तात फारच थोडे औषध उतरते. फक्त ते कापल्या-खरचटल्या कातडीवर लावू नये.

पायरी ४: चालू असलेल्या औषधांशी मेळ तपासावा

रक्तदाबाच्या गोळ्यांपासून सुरुवात करावी, कारण त्या जवळजवळ प्रत्येक घरात आहेत. मूत्रपिंडात रक्त आत येते ती नळी प्रोस्टाग्लँडिन उघडी ठेवते, आणि वेदनाशामक गोळी (इथून पुढे वेदनाशामक म्हणजे सूज उतरवणाऱ्या घराण्यातले औषध) ती आकुंचित करते. रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या रक्त बाहेर जाण्याची नळी सैल करतात. हायड्रोक्लोरोथायझाइड, फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड यांसारखी लघवी वाढवणारी गोळी शरीरातले पाणीच कमी करते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या की मूत्रपिंडात रक्त गाळण्यासाठी जो दाब लागतो तो पडतो, आणि काही दिवसांत ते काम करेनासे होऊ शकते. टेल्मिसार्टनच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ हे अक्षर असेल, तर बहुधा तिच्यात हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेले असते. म्हणजे रुग्णाला आपण रक्तदाबाची एकच गोळी घेतो असे वाटत असले, तरी तिघांपैकी दोघे तिथे आधीच हजर असतात. त्यात वैशाखात कातळावर दिवसभर काम झाले किंवा जुलाब-उलट्या झाल्या, तर धोका आणखी वाढतो. अशा दिवशी सूज उतरवणारी गोळी घेऊच नये, आणि रक्तदाबाच्या व लघवीच्या गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.

सूज उतरवणाऱ्या गोळ्यांमुळे शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवले जाते, म्हणून रक्तदाब चढतो आणि पायांवर सूज येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीला गेल्यावर रक्तदाब वाढलेला दिसतो, आणि रोज घेतली जाणारी गुडघ्याची गोळी कोणी सांगितलेली नसल्यामुळे डॉक्टर रक्तदाबाचे औषध वाढवतात. खरे म्हणजे कमी करायला हवी होती ती गुडघ्याची गोळी.

रक्त पातळ ठेवणारी औषधे हा दुसरा गट. वॉरफेरिन, ॲसेनोकुमारोल, रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन, डाबिगाट्रान किंवा क्लोपिडोग्रेल चालू असलेल्या माणसाने डॉक्टरांना न विचारता सूज उतरवणारी एकही गोळी घेऊ नये. वेदनाशामकाने जठराला जखम होते आणि या औषधांमुळे त्या जखमेतले रक्त थांबत नाही. हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांना आणखी एक अडचण असते: आयबुप्रोफेन आधी पोटात गेले, तर ॲस्पिरिनला आपले काम करायला जागाच मिळत नाही आणि हृदयाचे संरक्षण कमी होते. साध्या ॲस्पिरिननंतर निदान अर्धा तास किंवा तिच्या आधी आठ तासांहून अधिक अंतर ठेवून आयबुप्रोफेन घ्यावे, असा एक संकेत आहे. पण आपल्याकडे दिली जाणारी हृदयाची ॲस्पिरिन बहुधा आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची असते आणि तिला हे वेळापत्रक लागू करता येत नाही. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांना स्टेंट बसवली आहे, त्यांच्यासाठी या घराण्यातली बहुतेक औषधे मुळातच धोक्याची आहेत. रोफेकॉक्सिब हे याच घराण्यातले औषध हृदयविकाराचा धोका वाढवते म्हणून २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावे लागले होते.

बाकीची यादी थोडक्यात. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी पोटातून स्टिरॉइड चालू असेल, तर अल्सरचा धोका पुष्कळ वाढतो. नैराश्यासाठीच्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाची शक्यता वाढते. लिथियम आणि आठवड्यातून एकदा घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट ही दोन्ही औषधे वेदनाशामकामुळे रक्तात साचून विषासारखी होऊ शकतात. दमा असलेल्या काहींना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने एकाएकी धाप लागते. पूर्वी एकदा तसे झाले असेल, तर त्या माणसासाठी हे संपूर्ण घराणे वर्ज्य समजावे. गरोदर स्त्रीने विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घेऊ नयेत. बारा वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे, आणि तापलेल्या मुलाला ॲस्पिरिन कधीही देऊ नये.

आणि पित्ताची गोळी? पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल सकाळी उपाशीपोटी घेतल्याने जठराचे रक्षण बऱ्यापैकी होते, यात शंका नाही. मूत्रपिंडाला आणि हृदयाला मात्र त्या गोळीचा काडीचाही उपयोग नाही. ‘पित्ताची गोळी बरोबर घेतो, म्हणजे काही होत नाही’ हे वाक्य अर्धेच खरे आहे.

पायरी ५: दारूचा हिशोब प्रामाणिकपणे मांडावा

माडी असो, फेणी असो, बाटलीतली देशी असो किंवा मुंबईहून आलेली विदेशी, पोटात गेल्यावर आत पोहोचते ते अल्कोहोलच. झाडावरची म्हणून माडी औषधी आणि काजूची म्हणून हुर्राक सौम्य, या समजुतींना इथे थारा नाही. फेणीत सुमारे चाळीस टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असते, म्हणजे ती व्हिस्कीच्याच तोलाची.

वेदनाशामकाने जठराच्या अस्तराचे संरक्षण काढून घेतलेले असते. त्यावर अल्कोहोल पडले की अस्तर चुरचुरते आणि रक्त जाण्याची शक्यता वाढते. निरोगी माणसाने एखाद्या दिवशी आयबुप्रोफेनची एक गोळी घेतली आणि जेवणाबरोबर एखादा लहान पेला घेतला, तर बहुधा काही बिघडत नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. रोज दोन-तीन पेले घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी एक गोळीही ‘नुसती गोळी’ राहत नाही. ज्याला पूर्वी अल्सर झाला आहे, ज्याचे वय पासष्टच्या पुढे आहे किंवा ज्याला चौथ्या पायरीतले कोणतेही औषध चालू आहे, त्याने गोळी आणि दारू एकत्र घेऊच नये.

सकाळी गोळी घेतली आणि रात्री बसलो, मध्ये बारा तास गेले, हा युक्तिवाद औषधावर अवलंबून आहे. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक काही तासांत रक्तातून बरेचसे निघून जातात. नॅप्रोक्सेन निम्मे व्हायलाच बारा तासांहून अधिक वेळ लागतो, इटोरिकॉक्सिबला जवळजवळ एक दिवस आणि पायरॉक्सिकॅमला सुमारे दोन दिवस लागतात. ॲस्पिरिन रक्तातून लवकर जाते, पण रक्त गोठवणाऱ्या पेशींवर तिने केलेला परिणाम त्या पेशींच्या आयुष्याइतका, म्हणजे सात ते दहा दिवस टिकतो.

गटारीच्या दुसऱ्या दिवशी डोके ठणकते म्हणून उपाशीपोटी डिस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिन) किंवा कॉम्बिफ्लाम घेणे ही यातली सर्वांत वाईट वेळ आहे. जठर सुजलेले असते, शरीरातले पाणी कमी झालेले असते आणि अल्कोहोल पुरते उतरलेले नसते. आधी पाणी, ओआरएस किंवा मऊ पेज घ्यावी आणि गोळी लांबवावी. रोजच्या पिणाऱ्याने तर अशा वेळी पॅरासिटामॉलही भरमसाट घेऊ नये, कारण अल्कोहोलने थकलेल्या यकृताला ते झेपत नाही.

एक इशारा वेगळ्या कारणासाठी. कंबरदुखीच्या काही गोळ्यांत वेदनाशामकाबरोबर टिझानिडिन किंवा क्लोरझॉक्साझोन हे स्नायू सैल करणारे औषध असते, आणि काहींत ट्रामाडॉल असते. यांनी आधीच गुंगी येते. दारूबरोबर ती इतकी वाढू शकते की झोपेत श्वास मंदावतो. अशी गोळी घेतलेल्याने त्या रात्री पिऊ नये, घाटात गाडी चालवू नये आणि ट्रॉलरवरही चढू नये.

पायरी ६: पावसाळी तापात आणि सर्पदंशात हात आवरावा

ही पायरी कोकणासाठी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चिखलात, पाण्यात उभे राहून लावणी केलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या असह्य दुखू लागल्या आणि डोळे लाल झाले, तर ती लेप्टोस्पायरोसिसची सुरुवात असू शकते. घरचे म्हणतात, चिखलात राबल्यामुळे पाय भरून आले, आणि अंगदुखीची जोरकस गोळी किंवा सुई दिली जाते. लेप्टो मूत्रपिंडावरच हल्ला करतो. वेदनाशामक त्याच मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते, आणि दुखणे तात्पुरते थांबल्यामुळे दवाखान्यात जायला दोन-तीन मोलाचे दिवस उशीर होतो. डेंग्यूमध्ये रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, म्हणून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. दोडामार्ग-सावंतवाडीकडे बहुधा हिवाळ्या-उन्हाळ्यात आढळणाऱ्या माकडतापातही रक्तस्राव होऊ शकतो. यांतला ताप नेमका कोणता, हे घरी बसून ओळखता येत नाही. म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात, आणि माकडतापाच्या भागात हिवाळ्या-उन्हाळ्यातही, निदान होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल द्यावे, भरपूर पाणी द्यावे आणि रक्ततपासणी लवकर करून घ्यावी.

फुरसे किंवा घोणस चावली आणि वेदना असह्य असल्या, तरी सूज उतरवणारी गोळी देऊ नये. या सापांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. तोंडाने काहीही न देता १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.

पायरी ७: घ्यायचीच असेल तर अशी घ्यावी

कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस. स्वतःहून आयबुप्रोफेन घेणाऱ्या निरोगी प्रौढाने एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम घ्यावे, पुढची मात्रा सहा ते आठ तासांनी, आणि दिवसभरात १२०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. पेजेनंतर किंवा जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. तीन दिवसांत ताप उतरला नाही किंवा आठ-दहा दिवसांत दुखणे थांबले नाही, तर गोळी वाढवण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे.

बाजारात किंवा जत्रेत मिळणाऱ्या सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांबद्दल स्पष्टच लिहितो. दोन दिवसांत जादूसारखा गुण देणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड किंवा वेदनाशामक कुटून मिसळलेले अनेकदा आढळले आहे. आत काय आहे हे कळत नाही, त्यामुळे आधीच्या सहाही पायऱ्या तिथे निरुपयोगी ठरतात. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल, तर ती एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवावी, कारण स्टिरॉइड अचानक तोडणेही घातक असते.

पायरी ८: केव्हा थांबावे, कुठे जावे

शौचाला डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे होणे, कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी होणे, पोटात एकाएकी तीव्र कळ येणे, चेहरा किंवा ओठ सुजणे, धाप लागणे, छातीत दुखणे, यांपैकी काहीही झाले तर गोळी बंद करून तातडीने रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, पण ते डांबरासारखे चिकट नसते. शंका असेल तर तपासून घेणेच योग्य. लघवी कमी होणे आणि पायांवर सूज चढणे ही लक्षणे हळूहळू येतात, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर वेदनाशामक नियमित घ्यावे लागत असलेल्या माणसाची क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी, रक्ततपासणी किती दिवसांनी करायची, हे डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

रुग्णालयात जाताना औषधांचा डबा जसा आहे तसा बरोबर न्यावा आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगावे. दारू घेतली असेल तर ती किती आणि केव्हा, तेही सांगावे. वडिलांसमोर मुलाला किंवा सुनेसमोर सासऱ्यांना हे बोलायला जड जात असेल, तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावे, कारण इंजेक्शन कोणते द्यायचे आणि कोणते टाळायचे हे त्या उत्तरावरून ठरते.